स्नो व्हाइटचं जर्मन डबिंग तीन-तीनदा का केलं? शेजारच्या आजी म्हणतात "ही ती नाहीच"

स्टुटगार्टकर

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे पण इथे एकेकाच्या डोक्यात एकेक किडा असतो म्हणून टाकतोय.

आम्ही स्टुटगार्टजवळ राहतो, लेक सहा वर्षांची, तिचं जर्मन आमच्या दोघांच्या दहापट बरं. शेजारी एक आजी आहेत, सत्तरीच्या पुढच्या, लेक त्यांना ओमा म्हणते. गेल्या रविवारी सकाळपासून पाऊस, बाहेर जायची सोय नाही, म्हणून जुना डिस्नेचा स्नो व्हाइट लावला, 1937 चा, जर्मनमधून. ओमा प्लमचा केक घेऊन आल्या होत्या त्या पण बसल्या. थोडा वेळ गप्प होत्या, मग ती विहिरीपाशी गाते ना, तिथे त्या मान हलवायला लागल्या, नाही नाही अशी. मला वाटलं टीव्हीचा आवाज मोठा झाला असेल, कमी केला. तर म्हणाल्या, आवाजाचं नाही रे, ही ती नाहीच. शब्द वेगळे, मुलगी वेगळी, राणी तर अजिबातच ती नाही. आणि खरंच, पुढची ओळ त्या आधीच म्हणायच्या आणि टीव्हीतून भलतंच काहीतरी यायचं, लेकीला तो खेळच वाटला.

संध्याकाळी ओमांची मुलगी आली, पन्नाशीची असेल. तिला दाखवलं तर ती म्हणते माझ्या लहानपणीचं हे पण नाही आणि आईचं पण नाही, माझं तिसरंच होतं!

मग रात्री शोधाशोध केली तर कळलं की जर्मनमध्ये 1938, 1966 आणि 1994 अशी तीन डबिंग झालीयत. पण का? सिनेमा तोच, चित्रं तीच, भाषा तीच, मग एकदा केलेलं काम परत परत कशाला? हा फक्त जर्मन लोकांचा काटेकोरपणा आहे का सगळीकडे असंच?

कट्ट्यावरचा_भाऊ

पैसा. पुढचा प्रश्न.

एकारांत_बाई

भाऊंचं उत्तर अगदीच चूक नाहीये पण अर्धं आहे.

सगळीकडे असंच आहे. मी शिक्षणासाठी फ्रान्समध्ये होते तेव्हा हा नाद लागला. स्नो व्हाइटची फ्रेंचमध्ये पण तीन डबिंग, 1938, 1962 आणि 2001. इटालियनमध्ये दोन, 1938 आणि 1972. स्वीडिशमध्ये 1938 आणि 1982. डच 1938 आणि 1984. पोलिश लोकांनी तर 1938 नंतर थेट 2009 मध्ये केलं. म्हणजे 38 साली डिस्नेने एका झटक्यात कितीतरी भाषांत सिनेमा बोलता करून घेतला, आणि नंतर प्रत्येक देशाने आपापल्या वेळेला आणि आपापल्या कारणाने तो पुन्हा बोलवला.

फ्रान्सचं कारण तर चक्क कोर्टाचं आहे. 1962 च्या डबिंगमधली स्नो व्हाइट म्हणजे ल्युसी दोलेन नावाची गायिका. तिने काम केलं तेव्हा सिनेमा थिएटरात लागायचा आणि विषय संपायचा. व्हिडिओ कॅसेट हा प्रकार कोणाच्या स्वप्नात पण नव्हता. मग नव्वदच्या दशकात कॅसेटी घरोघर विकल्या जायला लागल्या तेव्हा बाई म्हणाल्या, माझा आवाज विकताय तर माझा वाटा कुठाय. केस केली आणि जिंकल्या. त्यानंतर काय झालं असेल? तिचा आवाज काढून टाकला. 2001 ला स्नो व्हाइट नव्याने डब झाला, आणि तेवढ्यावर थांबले नाहीत, जंगल बुकमध्ये शेवटी पाणी भरायला आलेल्या मुलीचं गाणं तिने म्हटलं होतं ते पण बदललं, ब्यूटी अँड द बीस्टमधल्या बोलणाऱ्या किटलीचा आवाज तिचाच होता तो पण बदलला. मला हे ऐकून इतका राग आलेला. माझी घरमालकीण त्या आवाजावर वाढलेली, तिला नव्या डिस्कमधलं गाणं ऐकवलं तर म्हणाली, छान गाते मुलगी, पण आमच्या घरातली नाही.

स्टुटगार्टकर, तुमच्या ओमांची तक्रार हीच आहे हो.

आता गंमत सांगते, बुटक्यांच्या नावांची. ही गोष्ट मुळात जर्मनीतल्या ग्रिम बंधूंची, त्यांच्या 1812 च्या पुस्तकात बुटक्यांना नावंच नाहीत, सातही नुसते बुटके. त्यामुळे सिनेमातली नावं आली तेव्हा प्रत्येक भाषेला ती कोऱ्या पाटीवर बनवावी लागली. शिंकणारा स्नीझी घ्या. जर्मनमध्ये तो हात्ची, फ्रेंचमध्ये आत्शूम, पोलिशमध्ये अप्सिक, म्हणजे तिघांनी शिंकेचा आवाजच नाव म्हणून ठेवला. स्वीडिशमध्ये तो प्रोसिट, म्हणजे कोणी शिंकलं की समोरचा जे म्हणतो ते! आणि इटालियनमध्ये तो एओलो, वाऱ्याचा देव. शिंकऱ्या बुटक्याला वायुदेवाचं नाव द्यायला इटालियनच पाहिजेत. त्यांची बाकीची नावं पण अशीच गोड, ब्रोंतोलो म्हणजे कुरकुरणारा, पिझोलो म्हणजे डुलकी काढणारा, कुच्चोलो म्हणजे कुत्र्याचं पिल्लू (हा आपला डोपी). एक डॉकचा दोत्तो सोडला तर सगळे ओलो ओलो करत ओळीने बसतात.

स्टुटगार्टकर

अरे वा, हे जबरी आहे. एक विचारायचं राहिलं, स्नो व्हाइट बुटक्यांच्या पलंगांवरची नावं वाचते ना, आमच्या डिस्कमध्ये पलंगावर इंग्रजीत कोरलंय आणि ती वाचते जर्मनमधून, लेकीने लगेच पकडलं. म्हणते बाबा हिला वाचता येत नाही.

लूपवाला

लेकीला शंभर पैकी शंभर 😄

मुळात तसं नव्हतं. त्या काळी परदेशी आवृत्त्यांसाठी ते शॉट वेगळे चितारले होते, पलंगावरची नावं त्या त्या भाषेत. ती कुरकुऱ्या ग्रम्पीसाठी पाय (pie, गोड सारणाचा भाजलेला पदार्थ) करते आणि पक्षी आपल्या पावलांनी वर त्याचं नाव उमटवतात, तिथे सुद्धा जर्मनमध्ये ब्रुमबेअर, इटालियनमध्ये ब्रोंतोलो. सगळं हाताने, कॅमेऱ्याखाली. नंतर 1993 ला सिनेमा फ्रेम-फ्रेम कॉम्प्युटरवर घेऊन साफ केला, ते काम इंग्रजी निगेटिव्हवर झालं. स्वच्छ चित्र पाहिजे तर त्यासोबत इंग्रजी अक्षरं आलीच.

मी मुंबईत डबिंग करतो, वीस वर्षं होतील, हिंदी जास्त आणि थोडं मराठी, कार्टून, जाहिराती, साउथचे सिनेमे, जे मिळेल ते. म्हणून कामाच्या बाजूने सांगतो. परत डबिंग का करतात, तर एक कारण आवाजाचा साठा. आज आमच्याकडे म्युझिक आणि इफेक्ट्सचा ट्रॅक वेगळा येतो, त्यावर आपण फक्त बोलणं चढवायचं. पण 38 चं जे पक्कं मिक्स आहे त्यात बोलणं, गाणं, पावलं सगळं एकाच पट्टीवर भाजीसारखं शिजलेलं, मीठ वेगळं काढता येत नाही. आणि वर ती खरखर. उद्या कोणी म्हणालं आम्हाला स्टीरिओ पाहिजे, तर जुनं ताणून स्टीरिओ होत नाही, नवीन माणसं उभी करावी लागतात.

दुसरं, जुन्या लोकांची बोलायची पद्धत. नाटकातली माणसं यायची, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असं बोलायची. आता माईक ओठांपासून वीतभर, कुजबुजलं तरी चालतं.

आणि लोकांना वाटतं ओठ जुळवणं सगळ्यात अवघड. नाही हो. प फ ब भ म ला ओठ मिटतात तेवढं सांभाळायचं, वाक्य थोडं पुढं-मागं झालं तर चालून जातं, त्यात बुटक्यांच्या तोंडावर एवढ्या दाढ्या की अर्धं झाकलं जातं. खरी मारामारी असते डॉकची, म्हणजे बुटक्यांच्या म्होरक्याची. तो बोलताना शब्दांची अदलाबदल करतो. तिला पहिल्यांदा बघून "हू आर यू अँड व्हॉट आर यू डूइंग" च्या ऐवजी म्हणतो "व्हॉट आर यू अँड हू आर यू डूइंग". हे प्रत्येक भाषेत नव्याने घडवावं लागतं, भाषांतर करून विनोद मरतो. मराठीत योगायोगाने सरळ बसतं, "काय आहेस तू आणि कोण करतेस". पण असं फुकटात क्वचित मिळतं. बाकी वेळा रायटर आणि आम्ही काचेच्या दोन्ही बाजूंना डोकं धरून बसलेले असतो, पॅडवर चार पर्याय लिहिलेले, एकेक बोलून बघायचं, चौथा हसवतो पण तो दोन अक्षरं लांब.

आमचे उस्ताद लूपवर शिकलेले. फिल्मचा तुकडा कापून त्याची टोकं चिकटवायची, तो गोल गोल फिरत राहायचा, तेच वाक्य परत परत समोर, आणि कलाकाराने उभं राहून लय पकडायची. एक श्वास चुकला की परत. आता आम्ही अर्धं अर्धं वाक्य पंच करतो, म्हणजे तुकड्या-तुकड्याने रेकॉर्ड करून जोडतो. त्यामुळे जुनं डबिंग ऐकलं की मला आधी श्वास ऐकू येतात, एका दमात केलेलं काम कळतं.

डोपीचं मात्र बरंय, तो बोलतच नाही. त्याच्यावर कोणाचा खर्च नाही.

रोखठोक_राजू

मी उलट बोलतो, रागावू नका. जुन्याचं एवढं कौतुक कशाला? माझ्या पोरांना जुनं हिंदी डबिंग लावलं तर पाच मिनिटात उठून जातात, कोण कसं बोलतंय ते म्हणे. सिनेमा पोरांसाठी आहे, सत्तरीच्या आजींसाठी नाही. आजचं पोरगं आजच्या भाषेत ऐकणार. ओमांच्या आईला पण 38 चं ऐकून वाटलं असेल की आमच्या गोष्टीतली हिमगौरी अशी किरकिऱ्या आवाजात गात नव्हती.

एकारांत_बाई

राजू, बदलू नका असं कोणी म्हणतच नाहीये. प्रश्न असा की नवीन आलं की जुनं कपाटात जातं. डिस्कवर शेवटचं तेवढं घालतात. दोन्ही ठेवा ना, बटण दाबून निवडता येतं, जागा काय घरातली जाते का. (आणि किरकिऱ्या आवाजाचं म्हणाल तर ओरिजिनल इंग्रजीवाली पण तशीच आहे, एड्रियाना कॅसेलोटी. तिला अख्ख्या कामाचे 970 डॉलर मिळाले आणि पडद्यावर नाव पण नाही, आवाज देणाऱ्या कोणाचंच नाही.)

पण आईचं म्हणालात तो मुद्दा भारी आहे. कारण जर्मनीत तर ही त्यांचीच गोष्ट परत आली ना! "श्पिगलाइन, श्पिगलाइन आन डेर वांड", आरशाला विचारायची ती ओळ तिथल्या पोराला सिनेमाच्या आधीपासून पाठ. स्वीडनमध्ये किंवा पोलंडमध्ये डबिंग करणाऱ्याला मोकळीक होती, जर्मनवाल्याच्या डोक्यावर दीडशे वर्षांच्या आज्या बसलेल्या.

जुना_प्रोजेक्टर

उशिरा येतोय. वरची सगळी कारणं बरोबर आहेत, पण स्टुटगार्टकर, तुमच्या ओमांनी जे ऐकलंय ते पहिलं जर्मन डबिंग, आणि त्याची गोष्ट वेगळी आहे. ती कोणी सांगितली नाही म्हणून लिहितो. जरा लांबेल.

ते डबिंग जर्मनीत झालेलं नाही. ते 1938 ला ॲमस्टरडॅममध्ये झालं. कारण जर्मन बोलणारे उत्तम नट तेव्हा जर्मनीतून पळून तिथे आलेले. ज्यू होते, 1933 नंतर त्यांना बर्लिनच्या रंगमंचावर उभं राहायची सोय उरली नव्हती. डबिंगचं दिग्दर्शन कुर्ट गेरॉनचं. हा माणूस साधा नाही. जर्मन नाटककार ब्रेश्टच्या थ्री पेनी ऑपेरा या संगीत नाटकाच्या 1928 च्या पहिल्या प्रयोगात मॅक द नाइफचं गाणं ज्याने म्हटलं तोच, आणि ब्लू एंजल सिनेमातला तो जाडा जादूगार. हॉलंडमध्ये मिळेल ते काम करत होता.

दुष्ट राणीचा आवाज डोरा गेर्सनचा. बर्लिनच्या कॅबरेची गायिका. तिचा पहिला नवरा फाइट हारलान, ज्याने पुढे नाझींसाठी ज्यूंच्या विरोधातला तो कुप्रसिद्ध सिनेमा काढला. म्हणजे एकेकाळचं नवरा-बायकोचं जोडपं, एकजण बर्लिनमध्ये गोबेल्सचा लाडका दिग्दर्शक आणि दुसरी ॲमस्टरडॅममध्ये आरशाला विचारतेय की सगळ्यात सुंदर कोण.

नाझी जर्मनीत हा सिनेमा थिएटरात लागलाच नाही. मग 1940 ला जर्मन सैन्य हॉलंडमध्ये घुसलं. डोरा गेर्सन, तिचा दुसरा नवरा आणि दोन लहान मुलं स्वित्झर्लंडला निसटायच्या प्रयत्नात पकडली गेली, फेब्रुवारी 1943 मध्ये चौघांना आउशवित्झच्या मृत्युछावणीत मारलं. गेरॉनला आधी टेरेझिनच्या छावणीत ठेवलं, तिथे त्याच्याकडून छावणी कशी छान आहे असा खोटा प्रचारपट करून घेतला आणि ऑक्टोबर 1944 मध्ये त्याला पण आउशवित्झला मारलं.

आणि सिनेमा जर्मनीत लागला 1950 ला. त्याच डबिंगसह. म्हणजे युद्ध संपून पाच वर्षं झालेली, अर्धी शहरं अजून ढिगाऱ्यात, आईबाप पोरांना घेऊन थिएटरात जातायत, आणि अंधारात राणी बोलतेय ती डोरा गेर्सन. पडद्यावर आवाजवाल्यांची नावंच नाहीत, मग समोर बसलेल्यांपैकी कोणाला कळणार. 1966 ला नवीन डबिंग येईपर्यंत हेच चालू होतं. ओमा सत्तरीच्या पुढच्या म्हणजे त्यांनी लहानपणी हेच ऐकलेलं असणार, दुसरं तेव्हा नव्हतंच.

म्हणून "राणी तर अजिबातच ती नाही" हे त्यांचं वाक्य मी तीनदा वाचलं.

कट्ट्यावरचा_भाऊ

माझं "पैसा" वालं उत्तर मी मागे घेतो.

नाशिकची_मावशी

जुना_प्रोजेक्टर, अंगावर काटा आला. काय लिहावं कळत नाहीये, म्हणून मी आपली साधी गोष्ट लिहिते.

आम्ही लहानपणी इंग्रजी सिनेमा बघितलाच नाही, आमची ती हिमगौरी आणि सात बुटके. नाव स्नो व्हाइट असतं हे मला कॉलेजात कळलं. गंमत अशी की हिमगौरी म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर अजून परकर-पोलक्यातली मुलगी येते, आणि बुटके आमच्या वाड्यातल्या शिंप्यांसारखे दिसतात. आणि आवाज म्हणाल तर माझ्या आत्याचा. ती राणीचं बोलताना पदर डोक्यावरून घ्यायची आणि खालच्या पट्टीत बोलायची, "आरशा आरशा, खरं सांग". नंतर मी माझ्या मुलाला सांगितली तर तो म्हणाला असं नको, आजीसारखं बोल. म्हणजे आमच्या घरात पण दोन डबिंग झाली म्हणायची.

आपल्याकडे शेरखान म्हणजे नाना पाटेकर हे तर असं पक्कं बसलंय ना. दूरदर्शनवर 1993 ला ती जपानी मालिका हिंदीत लागायची तेव्हाचा आवाज, मग 2016 ला नवीन जंगल बुक हिंदीत आला तेव्हा शेरखानला परत नानाच घेतला. माझा मुलगा तेव्हा मोठा झालेला, थिएटरात पहिली डरकाळी आली आणि म्हणाला, हां, आता बरोबर.

बरं आता मराठीत बुटक्यांची नावं काय ठेवाल? माझी यादी: कुरकुऱ्या, हसऱ्या, पेंगुळ्या, लाजऱ्या, बावळ्या, डॉकला गुरुजी. शिंकणाऱ्याचं अडलंय. शिंक्या ठेवलं की शाळेतल्या पोराला चिडवल्यासारखं वाटतं.

लूपवाला

मावशी, यादी झकास, आणि सगळी तीन-चार अक्षरांत म्हणजे हाक मारताना तोंडात बसतात. पेंगुळ्यात प आहे, तिथे ओठ मिटतात, स्लीपीत पण मिटतात, पण स्लीपीचा प मधे आणि आपला सुरवातीला. चालवून घेऊ, तसाही तो जांभई देत असतो.

जुना_प्रोजेक्टर, तुमचं वाचून आज स्टुडिओत गेलो तर माईकसमोर दोन मिनिटं काहीच बोललो नाही. इंजिनियर म्हणाला काय दादा, लाइन सुरू करू का.

स्टुटगार्टकर

सगळ्यांचे आभार. काल ओमांकडे गेलो होतो. सांगावं की नाही, दोन दिवस ठरत नव्हतं, लेक झोपल्यावर एकटाच गेलो आणि माझ्या मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं, ॲमस्टरडॅम, गेरॉन, राणीचा आवाज कोणाचा ते. त्यांना हे काहीच माहीत नव्हतं. बराच वेळ टेबलावरचा चष्मा इकडून तिकडे सरकवत होत्या. मग म्हणाल्या, मी त्या बाईला इतकी घाबरायचे की आईच्या कोटात तोंड घालून बसायचे, नुसतं ऐकायचे. म्हणून आवाजच लक्षात राहिला, चेहरा नाही.

मग कागद पुढे केला आणि नाव लिहून मागितलं. मी लिहिलं, त्यांनी स्पेलिंग तपासलं, फ्रिजवर मॅग्नेटने लावलं, बिलांच्या शेजारी.

लेकीला यातलं काही सांगितलेलं नाही. तिचं सध्या वेगळंच चालू आहे, ओमा त्यांच्या ओळी म्हणतात, ही टीव्हीच्या म्हणते, दोघी एकदम. ऐकवत नाही पण थांबवत पण नाही.

मावशी, शिंकणाऱ्याचं नाव तिला विचारलं. जर्मन हात्ची सोडून मराठीत सांग म्हटलं. ती लहान असताना शिंकली की माझी आई व्हिडिओ कॉलवरून "शतंजीव" म्हणायची, ते तिने पकडलेलं. म्हणते त्याचं नाव शतंजीव.

नाशिकची_मावशी

घेतलं! स्वीडनवाल्यांचा प्रोसिट आणि आपला शतंजीव. पण लूपवाले दादा, हे बसतंय का ओठांवर ते सांगा आधी.

लूपवाला

अजिबात बसत नाही. ठेवा तेच.